बिनश्रीचं कार्ड

वडील गेले तेव्हा मी रडले नाही. याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही, कारण मी छत्तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली आहेत आणि माझं तोंड कोरं असतं हे आमच्या कसबा बावड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. लोक रिपोर्ट न्यायला यायचे आणि पाकीट उघडण्याआधी माझ्या चेहऱ्याकडं बघायचे. तिथं काही सापडायचं नाही. एकदा एक बाई वैतागून म्हणाली होती, "तुमच्याकडं बघून कायबी कळत न्हाय बघा." मला ते कौतुक वाटलं होतं.

वडील एक्क्याण्णव वर्षांचे होते. सकाळी चहा प्यायले, कप धुऊन पालथा घातला, खुर्चीत बसले आणि बसलेच. मी डॉक्टरांना फोन केला, शेजाऱ्यांना हाक मारली, त्यांचं एक धुतलेलं धोतर काढून ठेवलं. आत काही हललं नाही. बारावा-तेरावा झाला, पाहुणे गेले. मग घरात मी उरले आणि दोन ट्रंका उरल्या.

ट्रंकांत कागद होते. वडील साखर कारखान्यात ऊसकाट्यावर क्लार्क होते आणि त्यांनी जन्मात एक कागद टाकला म्हणून नाही. पत्रं, लग्नपत्रिका, माझी प्रगतिपुस्तकं, एसटीची तिकिटं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीवर एक वाकवलेली तार टांगलेली असायची. पत्र वाचून झालं की ते त्या तारेत खुपसायचं. तार भरली की सगळा गठ्ठा उतरवायचा, सुतळीनं बांधायचा आणि ट्रंकेत टाकायचा. त्यामुळं आमच्या घरातल्या प्रत्येक कार्डाला मधोमध भोक आहे. लहानपणी मला वाटायचं की पोस्टवालेच भोक पाडून कार्डं विकतात.

खरं सांगायचं तर मी रद्दीवाल्यालाच बोलावणार होते. माझ्या मागं कुणी नाही, आणि काट्यावरच्या माणसाची तिकिटं जपून कुणाचं भलं होणार. मग पेपरात एक छोटं निवेदन वाचलं. जिल्ह्यातल्या घरांचे जुने कागद सांभाळणारी एक संस्था शहरात आहे, तिनं लोकांना विनंती केली होती की घरातली कागदपत्रं रद्दीत देऊ नका, आम्हाला दाखवा. मी दोन दिवस तो पेपर उशाशी ठेवला आणि तिसऱ्या दिवशी फोन केला. इतिहासावर माझं प्रेम उतू जात होतं असं नाही. माझं त्यात एक काम होतं.

माझी आई मी तीन वर्षांची असताना गेली. शिरोळकडं तिचं माहेर, नदीकाठी. तिथं ती बाळंतपणाला गेली होती आणि तिथंच गेली. मला ती सोबत घेऊन गेली नव्हती. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, लवकर विधवा होऊन आमच्याकडंच राहायची. मी तिच्याजवळ राहिले आणि पुढं तिनंच मला वाढवलं. आईबद्दल विचारलं की आत्या एकच वाक्य बोलायची. "तुला हितं ठिवून गेली, आन् काय." त्यापुढं बोलायची नाही. मेलेल्या माणसाचं लेकरापुढं बोलू नये असं तिचं मत होतं आणि आत्याचं मत म्हणजे दगडावरची रेघ.

ते 'ठिवून गेली' माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. बाळंतपणाला माहेरी जाणारी बाई तीन वर्षांचं लेकरू बरोबर नेते. मी आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांचं बघून ठेवलं होतं. एकजण एक कडेवर आणि एक बोटाला धरून गेली होती. मग मलाच का नाही? बारा वर्षांची असताना मी वडिलांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "पावसाळा हुता," आणि चपला घालून बाहेर गेले. पुन्हा मी विचारलं नाही. मामाकडचं जाणं-येणं आईबरोबरच संपलं होतं. आणि तिची तिथी काही आमच्या घरात कधी निघाली नाही, कारण पितृपक्षात नवऱ्याआधी गेलेल्या सगळ्या बायकांचं अविधवा नवमीला एकदमच होतं. त्या दिवशी आत्या पान वाढायची, गच्चीवर नेऊन ठेवायची आणि कावळ्याची वाट बघायची. कुठल्या दिवशी गेली, कशानं गेली, मला मागं का ठेवलं, यातलं काही मला कळलं नाही. ट्रंकेत कुठंतरी असेल, असं मात्र कायम वाटायचं. स्वतः उपसायचं बळ नव्हतं. दुसऱ्यानं उपसावं आणि आपण समोर बसावं, एवढंच मला झेपणार होतं.

संग्रह सांभाळणाऱ्या बाई उचगावहून स्कूटरवर यायच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, आवाज खणखणीत, पदराला कायम पेन्सिलीचं शिसं लागलेलं. ट्रंका बघायला घरी आल्या तेव्हा मी त्यांना आधीच सांगून टाकलं की आमच्यात कुणी सरदार-बिरदार नव्हतं.

"सरदारांची कागदं ढिगानं पडल्यात की, मावशी," त्या म्हणाल्या. "काट्यावरच्या क्लार्काची एक ट्रंक न्हाय आमच्याकडं."

मला जरा राग आला आणि जरा बरं वाटलं. ट्रंका टेम्पोतून गेल्या आणि दर मंगळवारी सकाळी मी केएमटीच्या बसनं तिकडं जाऊ लागले. कोण कुणाचं कोण, हे सांगायला घरचं माणूस लागतं. एक लांब टेबल, वर पंखा, समोर त्या, अलीकडं मी. त्या एकेक कागद घ्यायच्या, मऊ ब्रशनं झाडायच्या, मागं पेन्सिलीनं नंबर घालायच्या आणि मला विचारायच्या. हे दाजी म्हणजे कोण, हे लग्न कुणाचं, ही सही कुणाची. मी सांगायची, त्या वहीत लिहायच्या. दिवसाचे कागद झाले की ते एका फडक्यात गुंडाळून गाठ मारायची. त्या गाठोड्याला तिथं रुमाल म्हणतात. टेबलावर चहा आणायचा नाही, थुंकी लावून पान उलटायचं नाही, आणि सगळ्यात मोठा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता.

"हितं कायबी फाडायचं न्हाय, कायबी टाकायचं न्हाय. तिकिटाचा तुकडा असू दे न्हायतर कोरा कागद. काय?"

मी म्हटलं, समजलं. लॅबमध्ये नळी फुटली तर मी पोरींना फाडून खायची, त्यामुळं नियम पाळणं मला कुणी शिकवायला नको होतं.

पाचव्या का सहाव्या मंगळवारी त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. समोर माझ्या चुलत आतेभावाच्या बारशाचं पत्र होतं. "मावशी, एक विचारू? तुमच्यात कोण मेलंच न्हाय का?"

मला कळलं नाही. त्यांनी वही उलटी करून दाखवली. बारशी होती, साखरपुडे होते, पोरगं पास झालं, म्हैस व्याली, कुणाला नोकरी लागली. सगळ्या कार्डांवर वर 'श्री' आणि खाली 'क्षेम'. मरणाचं एक पत्र नव्हतं.

मग मी त्यांना आमची रीत सांगितली. आत्याला वाचता यायचं नाही आणि वडील कारखान्यात असायचे, म्हणून दुसरीपासून घरातली पत्रं मीच वाचायची. आत्यानं मला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की कार्ड हातात आलं की आधी वर बघायचं. वर 'श्री' असेल तर घरात यायचं, बसून वाचायचं. 'श्री' नसेल तर उंबऱ्याच्या आत पाऊल घालायचं नाही. पायरीवर उभं राहून नाव वाचायचं, दिवस वाचायचा, लगेच फाडायचं, तुकडे गटारात टाकायचे आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. तसली पत्रं तारेला लागायची नाहीत. एकदा वाचायच्या नादात मी बिनश्रीचं कार्ड चुलीपर्यंत नेलं होतं, तर आत्यानं पाठीत असा रपाटा घातला होता की अजून आठवतो. नंतर मला सवय झाली. वरचा कोपरा रिकामा दिसला की हात आपोआप चालायचा.

"तेच की," बाई म्हणाल्या. "सगळ्या घरांत तसंच. आमच्या येवढ्या रुमालांत कोण मरतच न्हाय बघा. नुसती लग्नं आन् बारशी."

आम्ही दोघी हसलो. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आईच्या मरणाचं पत्र आलं असेल तर ते त्याच पायरीवर फाडलं गेलं असणार आणि मग या मंगळवारांना काही अर्थ नव्हता. पण येणं मी बंद केलं नाही. आता मरणाच्या बातम्या मोबाइलवर येतात, हात जोडलेल्या चित्रासकट. त्या मी वाचल्याबरोबर पुसून टाकते आणि उठून हात धुते. जित्याची खोड, दुसरं काय.

दुसऱ्या ट्रंकेच्या तळाला एक खाकी पाकीट निघालं. शेवटून दुसरा मंगळवार होता. पाकिटात वडिलांची कारखान्याची ओळखपत्रं होती, तीन-चार, वेगवेगळ्या वयांची, शेवटच्यात केस पांढरे. बाई त्या ओळखपत्रांचे नंबर लिहीत होत्या. मी पाकीट उपडं केलं तर आतून एक कार्ड पडलं. कडा झिजून गोल झालेल्या, कागद फडक्यासारखा मऊ पडलेला. मी ते उचललं. वरचा कोपरा रिकामा होता. पहिली ओळ होती, 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की'.

मी ते फाडलं.

उभं, मधोमध, एका झटक्यात. दुसऱ्यांदा फाडायला दोन्ही तुकडे एकावर एक ठेवलेसुद्धा. नावापर्यंत डोळे पोचायच्या आत हात पोचला होता. तेवढ्यात बाईंची खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला.

"मावशी. हात मागं घ्या."

त्या ओरडल्या नाहीत. उठून त्यांनी आधी पंखा बंद केला, मग माझ्या बोटांतून तुकडे सोडवून घेतले आणि टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून त्यावर तळहात पालथे धरले. मी म्हटलं, "चुकलं." मग म्हटलं, "बिनश्रीचं होतं." त्यांनी तुकडे जुळवले आणि चष्मा वर सारून खाली वाकल्या. थोडं वाचून त्यांनी माझ्याकडं बघितलं. छत्तीस वर्षं लोकांनी माझ्या तोंडावर जे शोधलं ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

"तुमच्या मामांचं हाय," त्या म्हणाल्या. "वाचू?"

मी मान हलवली. त्यांनी वाचलं. त्यांचा नेहमीचा खणखणीत आवाज त्यांनी खाली आणला होता, पण एकेक शब्द सुटा होता.

दाजींस, कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमची ताई नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बाळंत होताना वारली. मूल जगले नाही. नदीला पाणी चढून वाट बंद झाल्याने निरोप धाडता आला नाही. तुमची वाट न पाहता अग्नी दिला, राग मानू नये. पोरीला गोवर निघाला म्हणून तिकडे ठेवून यावे लागले, याचे तिला फार लागले होते. शेवटपर्यंत पोरीचा गोवर उतरला का, एवढेच विचारत होती. पत्र वाचून फाडून टाकावे.

"संपलं," बाई म्हणाल्या.

मी विचारलं, "भोक आहे का?" त्यांनी कार्ड उलटंपालटं करून बघितलं. भोक नव्हतं. आमच्या घरात शेकड्यांनी कार्डं आली, त्यांतलं तारेला न लागलेलं आणि न फाडलेलं हे एकच. आधी ते खिशात फिरलं असणार, नाहीतर कडा अशा झिजत नाहीत. नदीला पाणी होतं म्हणून वडिलांना ती शेवटची बघायला मिळाली नाही. अग्नीही दुसऱ्यानं दिला. त्यांच्याकडं उरलं ते हे कार्ड, आणि त्यातही शेवटी लिहिलेलं की फाडा. त्यांनी ते फाडलं नाही. त्रेसष्ट वर्षं सांभाळलं. मला एका मिनिटासाठीसुद्धा ते ठेवता आलं नाही.

मला रडू येईल असं बाईंना वाटलं असावं, कारण त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली. टेबलावर पाणी चालत नाही, हे मीच त्यांना सांगितलं. मला काहीच होत नव्हतं. डोक्यात एवढंच चाललं होतं की गोवर. मला गोवर आलेला होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आत्यानं तापात कपाळावर पाण्याची घडी ठेवली असेल, अंगावर लिंबाचा पाला फिरवला असेल, सगळं केलं असेल. सांगितलं तेवढं नाही. एका शब्दानं काम झालं असतं. आत्यावर मला राग यायला हवा होता, तोही येईना.

"सांधता येतंय," बाई म्हणाल्या. "पातळ कागद मागनं लावला की अक्षर न् अक्षर जुळतंय. एकबी अक्षर गेलेलं न्हाय." मग त्यांनी वही ओढली. वहीत शेवटचा रकाना असतो, कागदाची स्थिती. त्यात त्यांनी लिहिलं, मधोमध फाटलेले. मग म्हणाल्या, "जुनं हुतं, घडीवर फाटलं म्हणून लिवते."

"नको," मी म्हटलं. "मी फाडलं म्हणून लिहा."

"देणगीदाराकडून, असं लिवू?"

"देणगीदार नको. मुलीनं, असं लिहा."

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि लिहिलं. मग पेन्सिल घेऊन कार्डाच्या दोन्ही तुकड्यांच्या मागं एकच नंबर घातला. "मावशी, आमच्या सगळ्या संग्रहात हे पयलंच," त्या म्हणाल्या. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. त्यांच्या तेवढ्या रुमालांत कुणी मरत नव्हतं, आणि आता एक बाई मेली होती. कार्ड त्यांनी वेगळ्या पाकिटात घातलं. मला घरी न्यायचं आहे का, असंही त्यांनी विचारलं, देणगीच्या कागदावर माझी सही अजून झालेली नव्हती म्हणून. मी नको म्हटलं. माझ्या हाताचा मला भरवसा राहिला नव्हता.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. दसरा चौकात सिग्नलला बस बराच वेळ थांबली. माझ्या शेजारच्या बाईच्या मांडीवर दोन-तीन वर्षांची पोरगी झोपली होती, तोंड उघडं, हातात अर्धं बिस्किट. मी तिच्या अंगावर पुरळ आहे का ते बघत होते. नव्हतं. बाईनं माझ्याकडं बघितलं तशी मी मान फिरवली.

घरी आले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. दार उघडलं आणि उंबऱ्यावर थांबले. हे मी ठरवून केलं नाही, पाय थांबले. पत्र वाचलं होतं, फाडलंही होतं, आणि आंघोळ राहिली होती. तेव्हा तीन वर्षांच्या अंगावर कुणी पाणी घातलं होतं की नाही, कोण सांगणार. अंगात गोवर होता, म्हणजे घातलं नसणार.

मागच्या दारानं मोरीत गेले. सवयीनं गीझरचं बटण दाबलं आणि परत बंद केलं. या आंघोळीला गार पाणीच लागतं. बादली भरेपर्यंत उभी राहिले. मग साडीसकटच खाली बसले आणि पहिला तांब्या डोक्यावर ओतला. पाणी मानेवरून पाठीत उतरलं, आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला, "आई."

वडिलांना मी अण्णा म्हणायची आणि आत्याला आत्या. त्रेसष्ट वर्षांत ही हाक मी कुणाला मारली नव्हती. ती माझ्या आवाजात कशी ऐकू येते ते मला माहीत नव्हतं. मी परत म्हणाले, जरा मोठ्यानं. मग म्हणाले, "उतरला गोवर." आणि दुसरा तांब्या घेतला.